फाशीच्या आधीची सहा वर्षं

18 जानेवारी 2022 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींची फाशी रद्द करून त्यांना जन्मठेप दिली, तेव्हा महाराष्ट्रात संताप उसळला. तो रास्तच होता. तेरा मुलांचं अपहरण आणि नऊ मुलांच्या खुनाचा आरोप, त्यातले पाच खून शेवटपर्यंत न्यायालयात टिकलेले. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने 2001 मध्ये दिलेली फाशी 2004 मध्ये उच्च न्यायालयाने आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली होती. एवढं सगळं होऊनही दोघी वाचल्या, आणि त्याही कारकुनी दिरंगाईमुळे. 2006 च्या निकालानंतर दयेच्या अर्जांवर निर्णय होईपर्यंत जवळपास आठ वर्षं गेली, त्या विलंबाचं समाधानकारक कारण सरकारला देता आलं नाही, म्हणून शिक्षा बदलली. दोघींचं कृत्य किती अमानुष होतं, याबद्दल न्यायालयाच्या मनातही शंका नव्हती.

त्या दिवसांत जी चर्चा झाली ती सगळी शेवटाबद्दल होती. फाशी व्हायला हवी होती की नको, न्यायालय जास्त दयाळू झालं का, सरकार झोपलं होतं का. या प्रकरणाच्या सुरुवातीबद्दल मात्र फार कुणी बोललं नाही. 1990 ते 1996 या सहा वर्षांत एक आई, तिच्या दोन मुली आणि एक जावई पश्चिम महाराष्ट्रातून मुलं उचलत फिरत होते, त्यांना चोऱ्यांमध्ये वापरत होते आणि नकोशी झाली की मारून टाकत होते. सहा वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? माझ्या मते या प्रकरणातला सार्वजनिक प्रश्न हाच आहे. फाशीचा प्रश्न त्याच्या मागून येतो.

अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली भुरट्या चोऱ्या करायच्या. जत्रा, देवळं, एसटी स्टँड, जिथे गर्दी तिथे त्या. पुण्यात चतुःशृंगीच्या देवळात पाकीट मारताना रेणुका सापडली, तेव्हा तिच्याजवळ तिचं स्वतःचं मूल होतं. लेकुरवाळी बाई चोरी कशी करेल, असा कांगावा तिने केला आणि लोकांनी तिला सोडून दिलं. मूल जवळ असलं की लोक सोडतात, हे या कुटुंबाला तिथे कळलं. मग दुसऱ्यांची मुलं पळवायला सुरुवात झाली. 1990 मध्ये कोल्हापुरात त्यांनी पहिलं मूल उचललं ते एका भीक मागणाऱ्या बाईचं, जेमतेम चालायला लागलेलं. पुढे एका चोरीत सीमा पकडली गेली, तेव्हा लोकांचं लक्ष वळवण्यासाठी अंजनाबाईने त्या लेकराला जमिनीवर आपटलं. रक्त पाहून जमाव कळवळला आणि बाया निसटल्या. त्या रात्री रडणं थांबेना म्हणून त्या मुलाचा जीव घेतला गेला. याहून जास्त तपशील इथे देण्याची गरज नाही. वाचकाला धक्का देण्यासाठी त्या मुलांचं मरण पुन्हा पुन्हा सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही.

पण पहिलं मूल कुणाचं होतं, हे मात्र सांगायलाच हवं, कारण पुढच्या सहा वर्षांचं उत्तर तिथेच आहे. रस्त्यावर राहणाऱ्या बाईचं मूल गायब झालं तर ती कुठे जाणार? पोलीस ठाण्यात गेली तर तिच्याकडे मुलाचा फोटो नसतो, जन्मदाखला नसतो, स्वतःचा पत्ता नसतो. ठाणे अंमलदाराने ठरवलं तर तिची तक्रार घेतली जाईल, नाहीतर “इथेच कुठेतरी असेल, शोध” एवढ्यावर तिला परत पाठवलं जाईल. दुसऱ्या दिवशी शंभर किलोमीटरवरच्या दुसऱ्या जिल्ह्यात एका अनोळखी मुलाचा मृतदेह सापडला, तर तिथे ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंद होते, पंचनामा होतो, बेवारस म्हणून अंत्यसंस्कार होतात. हरवलेल्या मुलाची नोंद एका ठाण्यात आणि सापडलेल्या मुलाची दुसऱ्या ठाण्यात. दोन रजिस्टरं एकत्र ठेवून पाहणं हे कुणाचंच काम नसतं.

या टोळीला पकडलं गेलं तेही कसं, ते पाहा. अंजनाबाईला सोडून गेलेल्या नवऱ्याने नाशिककडे दुसरा संसार थाटला होता. सूड म्हणून त्याची मुलगी पळवून मारली गेली. बाकीची मुलं अनोळखी घरांतली होती. या एका घराला मात्र संशय घ्यायला नाव होतं, चेहरा होता, जुनं वैर होतं. 1996 मध्ये त्या धाग्यावरून अटक झाली आणि मग चौकशीत एकेक मूल बाहेर आलं. रेणुकाचा नवरा किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला आणि त्याच्या साक्षीवर खटला उभा राहिला. अंजनाबाई खटला सुरू होण्याआधीच कोठडीत मेली. म्हणजे बाकीच्या मुलांच्या तपासातून हे चौघे सापडले नाहीत. गुन्हेगारांनी ओळखीच्या घरात हात घातला म्हणून सापडले. तो सूड त्यांना सुचला नसता तर ही सहा वर्षं कुठवर लांबली असती, याचा विचार करवत नाही. आणि नऊ खुनांच्या आरोपांपैकी पाचच टिकले, यालाही कारण आहे. वर्षानुवर्षांनी खुनाचा तपास सुरू होतो तेव्हा कुठला मृतदेह कुणाचा होता, हे सिद्ध करायला हातात फार थोडं उरलेलं असतं. सुरुवातीला न घेतलेली मेहनत शेवटी पुराव्यातली पोकळी होऊन समोर येते.

हे एकाच प्रकरणात झालं असतं तर अपवाद म्हणून सोडून देता आलं असतं. पण देशातली अशी प्रकरणं एकापुढे एक ठेवली की तोच आकार दिसत राहतो.

कर्नाटकात 2003 ते 2009 या काळात मोहन कुमार नावाच्या शाळामास्तराने दक्षिण कन्नड भागातल्या गरीब घरच्या तरुण मुलींना लग्नाचं आमिष दाखवलं, दूरच्या शहरात नेलं आणि गर्भनिरोधक गोळी म्हणून सायनाइड दिलं. वीस महिलांच्या खुनाचे खटले त्याच्यावर चालले. त्यातल्या कित्येकींचे मृतदेह बसस्थानकाच्या स्वच्छतागृहात सापडले होते, आतून कडी लावलेली, अंगावर चांगली साडी, दागिने गायब. मैसूरमध्ये एक, मडिकेरीत एक, बंगळूरुत एक. प्रत्येक ठिकाणी अनैसर्गिक मृत्यू म्हणून नोंद झाली. आणि मुलीच्या गावी? पळून गेली असेल, लग्न केलं असेल, हुंड्याची अडचण होती, बरंच झालं. 2009 मध्ये बंटवाळ तालुक्यातली एक तरुणी गायब झाली, तेव्हा तिच्या समाजाने रस्त्यावर उतरून पोलिसांवर दबाव आणला, फोनचे तपशील तपासले गेले आणि मास्तर सापडला. गोंधळ झाला नसता तर तिचंही नाव पळून गेलेल्यांच्या यादीतच राहिलं असतं.

निठारीचं तर सगळ्यांना माहीत आहे. नोएडातल्या श्रीमंत सेक्टरला लागून असलेल्या वस्तीतली मुलं दोन वर्षं एकेक करून गायब होत होती. आईबाप पोलीस चौकीत खेटे घालत होते आणि मुलगी पळून गेली असेल, असं ऐकून परत येत होते. अखेर एका तरुण मुलीच्या बापाने न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. न्यायालयाने आदेश दिल्यावर गुन्हा नोंदला गेला, तिच्या मोबाईलच्या मागावरून पोलीस एका बंगल्यापर्यंत पोचले आणि डिसेंबर 2006 मध्ये मागच्या नाल्यात सांगाडे सापडले. साधी फिर्याद नोंदवण्यासाठी त्या बापाला न्यायाधीशाचा हुकूम आणावा लागला.

आपल्याकडच्या वाईचं प्रकरणही आठवा. डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या संतोष पोळला ऑगस्ट 2016 मध्ये अटक झाली आणि 2003 पासूनच्या सहा खुनांचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला. दोषी कोण, हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे आणि त्यावर मी बोलणार नाही. पण एका तालुक्यातून तेरा वर्षांत सहा माणसं बेपत्ता होतात आणि शेवटची बाई सार्वजनिक कामातली, संघटनेतली होती म्हणून तपासाला वेग येतो, हा कालक्रम कुठल्याही निकालावर अवलंबून नाही.

इथे कुणी म्हणेल की जोशी-अभ्यंकर हत्याकांडात असं कुठे झालं? पुण्यातल्या चांगल्या वस्तीतली, नावाजलेली घरं होती ती. मला तर ते प्रकरण या मुद्द्याचा सगळ्यात ठळक पुरावा वाटतं. ऑक्टोबर 1976 च्या अखेरीस जोशी कुटुंब आणि 1 डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरचं अभ्यंकर कुटुंब मारलं गेलं, तेव्हा अख्खं पुणे हादरलं, संध्याकाळ झाली की दारं बंद होऊ लागली आणि पोलीस दल रात्रंदिवस त्या एका तपासाला जुंपलं गेलं. पुढच्या वसंतात राजेंद्र जक्कल आणि त्याचे साथीदार गजाआड होते. 1978 मध्ये शिक्षा, 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात चौघांना फाशी. पण त्या टोळीचा पहिला खून या दोन्ही घरांच्या कित्येक महिने आधीचा होता. जानेवारी 1976 मध्ये त्यांनी आपल्याच कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याला पळवलं, घर सोडून जात असल्याची चिठ्ठी त्याच्याकडून लिहवून घेतली, त्याला मारलं आणि पेशवे पार्कच्या तळ्यात टाकलं. वर्षाहून जास्त काळ तो मुलगा कागदोपत्री ‘निघून गेलेला’ होता. त्या चिठ्ठीवर कुणी नेटाने शंका घेतली असती, शेवटचं त्याच्यासोबत कोण होतं हे खणून काढलं असतं, तर पुढची नऊ माणसं वाचली असती का? खात्रीने नाही सांगता येणार. पण संधी होती ती तिथेच.

मुंबईच्या रामन राघवबद्दलही थोडं. 1965-66 मध्ये उपनगरांत रेल्वेमार्गालगत झोपलेल्या लोकांवर हल्ले झाले, तेव्हा तो पोलिसांच्या हाती लागला होता. पुरावा नाही म्हणून सुटला. 1968 मध्ये पुन्हा खून सुरू झाले, जुनी नोंद कामी आली आणि 27 ऑगस्टला उपनिरीक्षक अॅलेक्स फियालो यांनी त्याला ओळखून पकडलं. त्याने 41 खुनांची कबुली दिली. मनोविकारामुळे पुढे त्याची फाशी जन्मठेपेत बदलली. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की तेव्हा नोंद ठेवलेली होती आणि ती कुणीतरी काढून पाहिली. मरणारे होते फूटपाथवर आणि झोपड्यांत झोपणारे लोक. त्यांच्यातले किती जण कुणाच्याच खाती न धरता गेले असतील, हे त्या 41 च्या आकड्यावरूनही कळत नाही.

सीरियल किलरबद्दल आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे की तो फार हुशार असतो, पोलिसांपेक्षा चार पावलं पुढे असतो. ही समजूत खुन्याला मोठं करते आणि यंत्रणेला मोकळं सोडते. अंजनाबाई भुरटी चोर होती. मोहन कुमारची युक्ती वीस वेळा तीच होती, तसंच बसस्थानक, तीच गोळी. एकाच पद्धतीने पुन्हा पुन्हा गुन्हा करून सुटणारा माणूस हुशार नसतो. आपण कुणाला उचललं तर कुणी फार शोधणार नाही, एवढं त्याला नेमकं ठाऊक असतं. समाजाने ज्यांना आधीच हिशेबातून वगळलंय, त्यांनाच तो निवडतो. भीक मागणाऱ्या बाईचं मूल, हुंड्यावाचून अडलेली मुलगी, कामासाठी परगावाहून आलेल्यांची पोरं. त्याच्या निवडीत आपल्या उदासीनतेचा नकाशा दिसतो, आणि तो पाहायची आपली तयारी नसते, म्हणून आपण फाशीवर बोलत राहतो.

आता त्या फाशीकडे येऊ. गावित बहिणींचे दयेचे अर्ज 2008-09 मध्ये गेले आणि राष्ट्रपतींनी ते फेटाळले 2014 मध्ये. मधला वेळ कशात गेला? फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यात. उच्च न्यायालयाने नेमकं यावरच बोट ठेवलं. त्याच सरकारने न्यायालयात उभं राहून या बायकांना फासावर लटकवू द्या म्हणून आग्रह धरला. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल उचलून धरला, मात्र जन्मठेप मरेपर्यंतची आणि कसलीही सूट न देता भोगायची, असं स्पष्ट केलं. माझ्या दृष्टीने हा शेवट योग्य आहे. पण 1990 मध्ये त्या मुलाचा जीव जाताना जी बेपर्वाई होती आणि 2008 नंतर मंत्रालयात जी बेपर्वाई होती, ती एकच आहे. दोन्हीकडे एक कागद होता, त्या कागदामागे मेलेली किंवा मरणार असलेली माणसं होती, आणि कागद पुढे सरकवण्याची घाई कुणाला नव्हती. शेवटी संतापणाऱ्यांनी सुरुवातीलाही संतापायला हवं.

लवकर फाशी द्या म्हणणाऱ्यांना निठारीचा शेवट आठवून द्यायला हवा. त्या बंगल्यातला नोकर सुरिंदर कोली याची फाशी 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली होती. सप्टेंबर 2014 मध्ये मेरठच्या तुरुंगात त्याला फाशी द्यायची तयारी झाली होती आणि मध्यरात्री स्थगिती मिळाली म्हणून ती टळली. 2015 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने दयेच्या अर्जावरच्या विलंबाचं कारण देऊन शिक्षा जन्मठेपेत बदलली. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच न्यायालयाने बारा खटल्यांत त्याला निर्दोष ठरवलं, तपास कसा ढिसाळ झाला आणि कबुलीजबाब कसा घेतला गेला यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या एका खटल्यातही त्याला सोडलं, ज्या खटल्यात त्याला फाशी होणार होती त्याच खटल्यात. त्या रात्री फाशी झाली असती तर आज आपण काय म्हणालो असतो? आणि त्याहून मोठा प्रश्न, ती मुलं कुणी मारली? जवळपास वीस वर्षांनी याचं उत्तर कुणाकडेच नाही. आईबापांच्या तक्रारी वेळच्या वेळी घेतल्या असत्या, नाल्यात सांगाड्यांचा ढीग होईपर्यंत थांबावं लागलं नसतं, तर पुरावा ताजा मिळाला असता. तेव्हा ते झालं नाही, आणि नंतर पोलिसांनी आणि सीबीआयने घाईघाईने एक गोष्ट रचली, तिच्यावर देश समाधानी झाला. मुलांच्या वाट्याला न्याय आला नाही.

पोलिसांची बाजू मी ऐकली नाही असं कुणी म्हणू नये. बेपत्ता होणाऱ्यांपैकी बहुतेक माणसं काही दिवसांत स्वतःहून परत येतात, हे खरं आहे. घरातलं भांडण, परीक्षेची भीती, प्रेमप्रकरण. प्रत्येक तक्रारीमागे पथक धाडायला ठाण्यात तेवढी माणसं नसतात, हेही खरं. पण म्हणूनच निवड करण्याची पद्धत हवी. महिनाभरात न परतलेल्यांची यादी वेगळी काढा. त्या यादीतल्या प्रत्येक नावामागे एक तपास अधिकारी नेमा. जिल्ह्याच्या हद्दीबाहेर सापडलेल्या बेवारस मृतदेहांशी ती यादी पडताळण्याचं काम कुणा एकाच्या नावावर लिहा, म्हणजे ते झालं नाही तर विचारायला माणूस असेल.

यातलं काही झालेलंही आहे. मे 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवा आणि अपहरण गृहीत धरून तपास करा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवणं बंधनकारक केलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हद्दीचं कारण सांगून फिर्याद नाकारण्याचा मार्गही बंद केला आहे. पण अपहरण गृहीत धरण्याचा फायदा अठरा वर्षांखालच्यांनाच. सज्ञान बाई बेपत्ता झाली तर आजही ‘मिसिंग’ची नोंद होते आणि बहुतेक वेळा ती नोंद तिथेच राहते. सायनाइडने मेलेल्या वीसजणींना 2013 चा तो निकाल वाचवू शकला नसता.

बेवारस मृतदेहांचे डीएनए नमुने जपून ठेवावेत आणि बेपत्ता माणसांच्या नातेवाइकांच्या नमुन्यांशी ते जुळवावेत, यासाठी 2019 मध्ये लोकसभेत एक विधेयक आलं होतं. त्यात आरोपींचे नमुने साठवण्याच्या तरतुदीवर गंभीर आक्षेप होते आणि ते बरोबरच होते. जुलै 2023 मध्ये सरकारने ते पूर्ण विधेयकच मागे घेतलं. बेपत्ता माणसं आणि अनोळखी मृतदेह यांपुरता, आरोपींच्या माहितीला हात न लावणारा वेगळा कायदा करायला कुणाची हरकत असेल असं मला वाटत नाही.

पुण्यातल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीच्या खुनात फाशी झालेल्या दोघांची शिक्षाही अशाच विलंबामुळे कमी झाली. त्या प्रकरणात 9 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की दयेचे अर्ज वेळेत पुढे नेण्यासाठी प्रत्येक राज्याच्या गृहखात्यात स्वतंत्र कक्ष असावा. चांगला आदेश आहे. तेवढ्याच अधिकाराचा आणखी एक कक्ष त्याच गृहखात्यात बेपत्ता माणसं आणि बेवारस मृतदेहांसाठी उघडा, त्याचा अहवाल दर अधिवेशनात विधिमंडळापुढे ठेवा, आणि महिन्यापेक्षा जास्त काळ न सापडलेल्यांची जिल्हावार संख्या त्यात असू द्या. फाशीच्या मागणीसाठी मोर्चे काढणाऱ्या पक्षांनी आणि संघटनांनी आपल्या आमदाराला पुढच्या अधिवेशनाआधी एवढा एक प्रश्न विचारायला लावावा.